‘आमच्या वेळी’चा दंड

“चौदा वर्षं ऐकून राहिले मी तुमचं पुणं. आता पोरांना एकदाचं दाखवून टाका, म्हणजे माझे कान सुटतील,” असं बायको फेब्रुवारीत म्हणाली आणि मे महिन्याची सुट्टी पुण्यात काढायचं ठरलं.

बायको मूळची नागपूरची. लग्नानंतर पाच वर्षं ती नारायण पेठेतल्या वाड्यात, आमच्या दोन खोल्यांत राहिली. 2011 साली माझी बदली नागपूरला झाली, तेव्हा मी कपाळाला हात लावला आणि तिने पेढे वाटले. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. तिला पुण्यातलं फक्त एक मांजर आठवतं. धाकटा जन्माने नागपूरकर. या तिघांना मी जेवताना, झोपताना, फुटाळा तलावावर फिरताना पुणं पाजत आलो. वाड्याचा चौक एवढा, की त्यात क्रिकेटची अख्खी मॅच व्हायची. हौदाचं पाणी असं, की मे महिन्यात बोट बुडवलं तरी शिरशिरी यायची. आणि ओसरीवरचा खांब! त्या खांबावर पानशेतच्या पुराची रेघ होती, खाली ‘12-7-61’ कोरलेलं. आणि दहाव्या वर्षी माझं डोकं त्या रेघेच्या चांगलं हातभर वर होतं. तशी खूणही खांबावर होती. चिरंजीव सध्या अकरा वर्षांचे आहेत. ते दूध नको म्हणाले, की मी त्यांना खांब ऐकवतो.

रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं. साठाव्या दिवशी सकाळी आठला मी बोटं परजून मोबाईलसमोर बसलो. आठ वाजून तीन मिनिटांनी माझ्या हातात जे वेटिंग आलं, ते बघून बायको म्हणाली, “यात तर आपला नंबर दिवाळीत लागते.” मग गाडीच काढली.

समृद्धी महामार्गावर वर्धा मागे पडलं न पडलं तोच मी म्हणालो, “आमच्या वेळी नागपूर-पुणे म्हणजे...” आणि मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला, “बाबा, आपण एक नियम करू. ‘आमच्या वेळी’ म्हणालास की दहा रुपये दंड.” चिरंजीवांनी अनुमोदन दिलं. बायकोने पर्समधून छोटी वही आणि पेनसुद्धा काढून दिलं, यावरून हा कट नागपुरातच शिजला असावा असा माझा संशय आहे. संभाजीनगर येईपर्यंत सत्तर रुपये झाले.

संभाजीनगरपर्यंत आम्ही आलो कसे ते कळलंच नाही. तिथून अहिल्यानगर, शिरूर करत वाघोलीला टेकलो संध्याकाळी सहाला, आणि वाघोलीत जे टेकलो ते टेकलोच. पुढच्या ट्रकच्या फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मी इतक्या वेळा वाचलं, की त्यातल्या ‘प्लीज’मध्ये मला काकुळती दिसायला लागली. समोरच्या अंगाला एक उंच सोसायटी होती. तिच्या गेटवरचा वॉचमन पहिल्यांदा दिसला तेव्हा चहा पीत होता. आम्ही तिथून हललो, तेव्हा त्याची ड्यूटी बदलून दुसरा वॉचमन चहा पीत होता. ही सोसायटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुक्काम चुलतबहिणीकडे, कोथरूडला, वनाजजवळ. ताईचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आमच्या अंगावर सगळी ऊब मायेने परत करत होता. पंखा होता, पण तो हॉलच्या त्या टोकाला, जिथे भाऊजी झोपायचे. मी घाम पुसत म्हणालो, “ताई, फार उकडतंय गं.” ताई मोकळेपणाने हसली. “तुला रे काय उकडतंय? नागपूरकर ना तुम्ही!”

हे वाक्य आम्ही पुढचे सहा दिवस पुण्यातल्या प्रत्येक घरात ऐकलं. एसी असलेल्या घरात यजमान आम्हाला बघून एसी बंद करायचे. “तुम्हाला काय, सवय असेल. शेहेचाळीस ना तुमच्याकडे?” आम्हाला कारण नसताना उन्हातून चालवलं गेलं. सावलीतली खुर्ची यजमानांनी घेतली. एका ठिकाणी तर आम्हाला माठातल्या पाण्याऐवजी साधं नळाचं दिलं, की “तुम्हाला हेच गार वाटेल.” आता यांना कोणी सांगावं, की नागपूरकर ऊन सोसत नाही, ऊन चुकवतो. सकाळी दहानंतर नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर नसतो. घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर धडधडत असतात, खिडक्यांना पडदे, पोटात पन्हं, आणि बाहेर पडलाच तर डोक्याला असा दुपट्टा गुंडाळतो की सख्खा भाऊ ओळखणार नाही. शेहेचाळीस अंशांत आम्ही दुपारी पांघरूण घेऊन झोपतो. खरं ऊन मला लागलं ते पुण्याच्या चाळिसात. पण हे बोलायची सोय नव्हती. एकदा मी तोंड उघडलं, “आमच्या नागपुरात कूलर...” आणि लेकीने वही काढली. मग थबकली. “आई, ‘आमच्या नागपुरात’चा किती गं?” बायको एवढी खूश झाली, की तिने तो गुन्हा माफ केला.

आता भेटीगाठी. पुण्यातून गेलेल्या माणसाने पुण्यात परत येणं हा खाजगी विषय राहत नाही. पहिल्या संध्याकाळी बायकोने ताईकडच्या बटाटेवड्यांचा फोटो स्टेटसला टाकला आणि अर्ध्या तासात मला चार फोन आले. पुणेकर रागावला की आवाज चढवत नाही, शुद्ध बोलतो. “आपण पुण्यात आला आहात असं समजलं. वेळ झाला तर कळवा.” एकेकाळी ज्याच्यासोबत मी एका पेरूचे चार भाग केले, तो मला ‘आपण’ म्हणत होता. मग ताईने वहीत तक्ता आखला. कोणाकडे जेवण, कोणाकडे नुसता चहा, कोणाकडे ‘दारावरून जाताना पाच मिनिटं’. पाच मिनिटांवाले सगळ्यात धोक्याचे. तिथे पाट-पाणी घेऊन तयारच बसलेले असतात.

पुणेरी पाहुणचाराबद्दल मी नागपुरात जे जे किस्से रंगवून सांगितले होते, त्यातला एकही कामाला आला नाही. उलट प्रत्येकाने अगत्याचा कहर केला, आणि मे महिना असल्यामुळे प्रत्येकाने रस केला. सोमवारी दुपारी रस-पुरी. रात्री रस-पोळी. मंगळवारी सकाळी नाश्त्याला आंबोळी, आणि वाटीत, काय असणार, रस. “घे रे, देवगडचा आहे.” “घे रे, आमच्या रत्नागिरीच्या व्याह्यांकडची पेटी आहे.” देवगडवाल्यांकडे रत्नागिरीचं नाव काढायचं नाही आणि रत्नागिरीवाल्यांकडे देवगडचं, हे भान शेवटपर्यंत ठेवावं लागलं. बुधवारी चिरंजीव मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “बाबा, मला वरणभात मिळेल का?” माझी साखर गेल्या वर्षीपासून काठावर आहे. नागपूरला परतल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत रिपोर्ट बघितला.

भेट म्हणून आम्ही संत्रा बर्फीचे नऊ डबे नेले होते. बदल्यात बाकरवडी आली. नऊ डबे देऊन बाकरवडीची अकरा पाकिटं. आणि एक संत्रा बर्फी परत आली. डब्याच्या तळाला चिरंजीवांनी गाडीत बसून काढलेलं विमान तसंच होतं. दोन घरं फिरून ते स्वगृही उतरलं होतं. बायको म्हणाली, “ठेवा. प्रवासात होते खायला.”

माझे जुने मित्र पेठेतून केव्हाच उडाले होते. एक बावधनला, एक धायरीला, एक मोशीला. आणि बाळ्या, जो वाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा, ज्याच्यात आणि माझ्यात एक लाकडी फळ्यांची भिंत होती, तो राहायला वाघोलीला. लोकेशन उघडलं तर तीच सोसायटी! ज्याच्या दारासमोर आम्ही सोमवारच्या आदल्या संध्याकाळी दोन वॉचमनांचा चहा बघत बसलो होतो, त्याला भेटायला मंगळवारी कोथरूडहून शहर ओलांडून परत तिथेच. गेटवरच्या पहिल्या वॉचमनने आम्हाला ओळखलं असं मला वाटलं.

“पेठ लांब पडत असेल रे आता तुला,” मी बाळ्याला म्हणालो.

“छे! वीस मिनिटं.”

“वीस?”

“रात्री दोनला निघालो तर.”

बाळ्या माझ्यासारखाच सुटलाय, पण त्याच्या अंगावर ते दिसत नाही. तो आधीपासून उंच. गप्पा पहिली दहा मिनिटं शाळेच्या झाल्या, मग गुडघ्यांवर आल्या आणि तिथेच राहिल्या. मध्येच त्याने चिरंजीवांना जवळ ओढून विचारलं, “काय रे, बाबाने ओसरीवरच्या खांबाचं सांगितलं का तुला?”

“रोज सांगतो,” चिरंजीव म्हणाले.

“काय सांगतो?” असं म्हणून बाळ्या माझ्याकडे बघून जे हसला, ते मला आवडलं नाही. मी घाईने रस मागितला.

बुधवारी पेठ. खरं तर गाडी काढूच नका असं ताईने बजावलं होतं. “रस्ते बदललेत,” ती म्हणाली. मी म्हणालो, “ताई, या रस्त्यांवर मी वाढलोय.” पेठेत शिरून तिसऱ्याच वळणाला शिट्टी वाजली. मामांनी आधी एमएच 31 ही पाटी वाचली, मग माझा चेहरा. “एकेरी आहे साहेब. बोर्ड दिसला नाही?” मी म्हणालो, “इथेच वाढलो हो मी. हा रस्ता केव्हा एकेरी झाला?” मामा दमलेल्या आवाजात म्हणाले, “मी भरती झालो तेव्हापण एकेरीच होता.” आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुण्यात आयुष्यभर सायकलवर होतो. एकेरी रस्ता आला की टुणकन उतरायचं, सायकल हातात धरायची आणि पादचारी व्हायचं. पोलीस गेला की परत सायकलस्वार. पुण्याचे एकेरी रस्ते मला पाठ नव्हते, कारण मी ते कधी पाळलेच नव्हते. मामांनी मशीनवर दंड फाडला. मागून लेक म्हणाली, “बाबा, त्यांचे जास्त आहेत. माझे परवडतात.”

गाडी घरी ठेवून मेट्रोने निघालो. वनाजहून डिस्ट्रिक्ट कोर्टापर्यंत मेट्रो वरून जाते. तिथे बदलायची, आणि त्यासाठी सरकत्या जिन्यांनी उतरत उतरत जमिनीखाली 33 मीटर जायचं. एवढ्या खोल पुण्यात मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून वाड्यांच्या हौदांना पाणी पुरवायला जमिनीखालून नळ काढला होता, ती गोष्ट मी मुलांना सांगत होतो. त्यांनी ती ऐकली, कारण तिथे मोबाईलला रेंज नव्हती. आणि मंडई स्टेशनवर बाहेर येताच माझी फजिती झाली. ज्या मंडईत आईचं बोट धरून मी शेकडो रविवार काढले, तिच्यात पाताळातून वर उगवल्यावर मला कळेना की तोंड कुठे आहे. मी ठामपणे डावीकडे निघालो. चिरंजीवांनी फोन बघितला आणि म्हणाले, “बाबा, तुळशीबाग इकडे.” बाप पुण्याचा, आणि पुण्यात वाट दाखवतोय नागपूरचा पोरगा! बायको वीस पावलं मागे चालत होती, मोठ्याने हसता यावं म्हणून. तुळशीबागेत ती शिरली, त्याचं वर्णन करत नाही. दोन तास गेले.

तोवर मी मुलांना दुपारी बंद असणारं दुकान दाखवायला नेलं. ही आमच्या घरची लाडकी कथा. एक ते चार चितळ्यांचं दार बंद, गिऱ्हाईक गेलं उडत. लेकीला बंद शटरसमोर सेल्फी हवा होता. बरोबर दीड वाजता आम्ही बाजीराव रोडवर पोचलो. दुकान टक्क उघडं, आत गर्दी. 2017 पासूनच दुपारी उघडं असतं, असं रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं, आणि त्यांच्याही सुरात थोडा खेद होता. लेक म्हणाली, “बाबा, आता राहिलं काय तुझ्या पुण्यात?”

“खांब,” मी म्हणालो.

वाड्याच्या जागी इमारत झाली आहे हे मला माहीत होतं. फोटोही बघितले होते. तरी गल्लीत वळल्यावर मी सवयीने दिंडी दरवाजासाठी मान खाली घातली, आणि तिथे स्टिल्ट पार्किंग होतं. जिथे चौक होता, तिथे चार दुचाकी आणि एक मोटार. लेकीने पावलांनी जागा मोजली. “क्रिकेट?” ती म्हणाली. “अख्खी मॅच?” मी म्हणालो, “टप्पा पडला की आऊट असायचं.” हौदाच्या जागी पाण्याचा पंप होता.

माडीवरच्या काकू मात्र होत्या. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा मिळाली, त्यात त्यांना चौथ्या मजल्यावर हॉल-किचन मिळालं. काकू चौऱ्याऐंशीच्या आहेत. लिफ्टचं दार उघडलं तर त्या समोर उभ्याच. “आलास? तीन म्हणाला होतास. सव्वातीन झाले.” मग बायकोच्या तोंडावरून हात फिरवला. “किती गं वाळलीस! उन्हातून आलात? तुम्हाला काय म्हणा, नागपूर...” इथे चिरंजीवांनी हताशपणे माझ्याकडे बघितलं.

पन्हं आलं. वेलदोडा, केशर आणि मीठ किंचित जास्त, तेच. मी डोळे मिटून पहिला घोट घेतला. चाळीस वर्षांत बदललं नाही असं काहीतरी निघालं एकदाचं, आणि ते सांगावं तर ‘आमच्या वेळी’ म्हणावं लागलं असतं. गप्प बसलो.

“काकू,” मी विचारलं, “वाडा पाडला तेव्हा ओसरीवरचा खांब...”

“त्याच्यावरच बसलायस तू.”

मी उडालोच. आम्ही ज्या बाकावर बसलो होतो तो सागवानी होता, जाड, चौकोनी, कडांना घासून काळा झालेला. खाली दोन आडवे ठोकळे. ठेकेदार सगळं लाकूड घेऊन चालला होता, तेव्हा काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या होत्या. “हा मी देणार नाही म्हटलं. खालच्या दगडी तळखड्यापासून वरचा पाच फूट मला कापून दे आणि बाकीचा ने कुठे न्यायचा तो.” तळखडाही होता, बाल्कनीत, त्याच्यावर तुळस. आणि बाकावर, काकूंनी पदराने पुसलं तिथे, रेघ. खाली 12-7-61.

मी घसा साफ केला. चौदा वर्षांची वकिली होती. “बघा,” मी म्हणालो, “ही पुराची रेघ. आणि ही, ही इथे, हातभर वर, ही माझी. 1986.”

काकूंनी चष्मा लावला. वाकल्या. बोटाने चाचपलं. “ही कुठली तुझी? ही बाळ्याची. ‘बा’ कोरलेलं आहे की बाजूला. तूच कोरलंस, आणि माझ्या विळीने कोरलंस, म्हणून मी ओरडले होते.” बोट खाली सरकत आलं. पुराच्या रेघेशी आलं. त्याच्यावर चार बोटं सरकलं. “हा तू.”

हॉलमध्ये कोणी बोललं नाही. मग चिरंजीव उठले. “आजी, मी मोजू?”

“मोज की. पण आता खांब आडवा आहे बाळा, तूही आडवाच हो. टाच त्या टोकाला टेकव. बूट काढ. हं, मान सरळ.”

चिरंजीव बाकावर उताणे झाले. लेकीने त्यांच्या डोक्याला वही लावली. पुराची रेघ त्यांच्या कमरेच्या जरा वर, माझी खूण तिथून चार बोटं पुढे छातीच्या खाली, आणि डोकं बाळ्याच्याही खुणेच्या पार पलीकडे. “दूध न पिता,” चिरंजीव छताकडे बघत म्हणाले.

बायको तोंडाला पदर लावून खिडकीपाशी गेली. मी म्हणालो, “असं आडवं मोजून कसं चालेल? आडवा माणूस लांब होतो. आमच्या वेळी हा खांब उभा होता!”

लेकीने वही डोक्यावरून काढली, उघडली आणि लिहिलं. “तीनशे चाळीस.”

“हे काय गं?” काकूंनी विचारलं. लेकीने नियम सांगितला. काकूंनी तो नीट ऐकून घेतला, दर विचारला, सवलत आहे का विचारलं. मग उठून फडताळातून बटवा आणला, गाठ सोडली आणि पाचशेची घडी घातलेली नोट लेकीच्या हातावर ठेवली.

“हे आधी जमा करून घे,” त्या पाय वर घेऊन खांबावर ऐसपैस बसत म्हणाल्या. “लग्नाला माझ्या दोन महिने झाले होते. सकाळची वेळ...”